नवा फोन दुपारीच रिकामा: एका आशाताईंच्या बॅटरीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, एका धरणाच्या जलाशयाकाठी हे गाव आहे. मूळ गाव खाली, आणि डोंगराच्या उतारावर विखुरलेल्या तीन वाड्या. या प्रकरणातल्या ताई तिथे आशा स्वयंसेविका म्हणून काम करतात. गावाचे, माणसांचे आणि कंपन्यांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. मी तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो आणि हे प्रकरण माझ्याकडे ग्राहकाची तक्रार म्हणून आले. पण ते मांडून ठेवावे असे वाटण्याचे कारण वेगळे आहे. या कामात फोन बंद पडला की त्याचा फटका फोनच्या मालकापेक्षा दुसऱ्याच कुणाला तरी बसतो.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा योजना सुरू झाली तेव्हा ताईंच्या पिशवीत वही आणि पेन असायचे. आता गरोदर मातांची नोंद, बाळांच्या लसींच्या तारखा, आयुष्मान कार्ड, आभा हा आरोग्य ओळख क्रमांक, क्षयरुग्णांचा पाठपुरावा, आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक मॅडमचे निरोप, सगळे फोनवर चालते. आणि रात्री-अपरात्री कुणाच्या घरी बाळंतकळा सुरू झाल्या की पहिला फोन ताईंना येतो, मग १०२ किंवा १०८ ला.

ताईंचा जुना ४जी फोन चार वर्षे वापरून झाला होता. बॅटरी फुगल्याने मागचे झाकण उचलले गेले होते, म्हणून त्यांनी हप्त्यावर नवा ५जी फोन घेतला. ५००० एमएएच बॅटरी, चित्र सेकंदाला १२० वेळा ताजे करणारी (१२० हर्ट्झ) मोठी एलसीडी स्क्रीन, ३३ वॅटचा चार्जर. दुकानदाराने "दोन दिवस बघायला नको" असे सांगून दिला होता.

फोनमध्ये दोन सिम होती. पहिल्यावर इंटरनेट, व्हॉट्सॲप आणि रोजचे कॉल. दुसरे सिम वेगळ्या कंपनीचे, फार जुने. बँक खाते, आधार आणि सरकारी ॲपमधली नोंदणी त्याच नंबरवर असल्याने ओटीपी त्यावरच येतो. त्या कंपनीची रेंज गावात जवळजवळ नाहीच. ओटीपी हवा असेल तर ताई शाळेच्या वरच्या टेपावर चढून जात.

तक्रार

सकाळी सहाला १०० टक्के चार्ज करून फोन निघायचा आणि दुपारी दोन-अडीचला १५ टक्क्यांवर यायचा. ताई म्हणाल्या, "दादा, जुना फोन मरायला टेकला होता तरी संध्याकाळ बघायचा. हा नवा कोरा असून दुपार बघत नाही." रात्रीचे गणित त्यांना आणखी खटकत होते. झोपताना ८० टक्के असलेला फोन कुणी हातही न लावता सकाळी ६० वर असायचा.

दुकानात अशी तक्रार रोज येते. नव्वद टक्के लोकांना वाटते की बॅटरीच खराब आली आहे. ताईंचाही तोच समज होता आणि फोन परत करण्याची मुदत संपत आल्याने त्या घाईत होत्या.

माझ्याकडे येण्याआधी झालेले उपाय

ताईंचा मुलगा बारावीला आहे. त्याने मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून मनापासून खटाटोप केला होता. डार्क मोड लावला होता. बॅटरी वाचवण्याचे आणि "मेमरी साफ करण्याचे" म्हणून एक ॲप टाकले होते. आईला दर तासाला सगळी ॲप वर सरकवून बंद करायची सवय लावली होती. आणि सेटिंगमध्ये जाऊन दिसेल त्या ॲपचा बॅकग्राउंड वापर बंद केला होता.

यातला एकही उपाय लागू पडला नाही. का, ते समजून घेणे जरुरीचे आहे, कारण हेच उपाय घरोघरी सुचवले जातात.

डार्क मोडचा फायदा ओलेड स्क्रीनवर होतो, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. एलसीडीच्या मागे एकच दिवा सतत जळत असतो. वरचे चित्र काळे असो वा पांढरे, दिव्याला फरक पडत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली ओलेड फोनवर मोजमाप केले, त्यातही ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला डार्क मोडची बचत सरासरी ३ ते ९ टक्केच निघाली. पूर्ण ब्राइटनेसला मात्र ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे उपाय खोटा नाही, पण ताईंच्या स्क्रीनला तो लागूच होत नव्हता.

ॲप वर सरकवून बंद करणे तर उलटेच पडते. अँड्रॉइड स्वतःच मागे पडलेली ॲप गोठवून ठेवते. ती मारून टाकली की पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून उघडावे लागते, आणि गोठलेल्या ॲपला जागे करण्यापेक्षा नव्याने उघडायला जास्त वीज लागते. "सफाई" करणारे ॲप तर स्वतःच दिवसभर जागे राहून जाहिराती दाखवत होते. ते मी पहिल्या भेटीतच काढून टाकले.

बॅकग्राउंड बंद करण्याचा परिणाम गंभीर झाला होता. ताई ज्या ॲपमध्ये माहिती भरतात ते रेंज नसताना नोंदी फोनमध्येच साठवते आणि रेंज आली की मागच्या मागे पाठवते. बॅकग्राउंड बंद असल्याने नोंदी पाठवल्याच जात नव्हत्या. ताईंना वाटत होते काम झाले, आणि मॅडमकडे मात्र त्यांच्या नावापुढे रिकाम्या जागा दिसत होत्या. आशांच्या मोबदल्याचा एक भाग केलेल्या कामावर आणि त्याच्या नोंदीवर ठरतो. बॅटरी वाचवायला गेलेल्या उपायाने त्यांच्या कमाईलाच हात घातला होता.

पहिला निर्णय: आधी मोजायचे

या टप्प्यावर दोन वाटा होत्या. एक म्हणजे फोन रिसेट मारून कोऱ्या अवस्थेतून सुरुवात करायची. बरेच दुकानदार हेच करतात, कारण त्याला अर्धा तास पुरतो. दुसरी वाट म्हणजे फोनला हात न लावता दोन-तीन रात्री नुसते मोजायचे.

रिसेटला मी नकार दिला. त्यात न पाठवलेल्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या. शिवाय रिसेटनंतर पुन्हा सगळी ॲप उतरवा, व्हॉट्सॲपचा बॅकअप ओढा, फोटो परत लावा. ताईंच्या बॅटरीचा एक भाग त्यातच जात होता, हे पुढे स्पष्ट झाले. आधी मुलाने घातलेली बॅकग्राउंडची बंदी त्या ॲपपुरती उठवली, दुकानाच्या वाय-फायवर सगळ्या नोंदी जाऊ दिल्या, आणि मग मोजणी ठरवली.

मोजणी सोपी होती. पहिल्या रात्री दहाला फोन पूर्ण चार्ज करून एअरप्लेन मोडवर ठेवायचा आणि सकाळी सहाला आकडा कागदावर लिहायचा. दुसऱ्या रात्री तसाच, पण दोन्ही सिम चालू. तिसऱ्या रात्री दुसरे सिम सेटिंगमधून बंद. पहिल्या रात्रीपुरता गावातल्या लोकांसाठी मुलाचा नंबर दिला होता, कारण फोन बंद ठेवणे ताईंना मान्य नव्हते.

आकडे असे आले. एअरप्लेन मोडवर रात्रभरात २ टक्के. दोन्ही सिम चालू असताना २० टक्के. एकच सिम चालू असताना ५ टक्के.

या तीन आकड्यांनी प्रकरण जवळपास उलगडले. बॅटरी खराब असती तर एअरप्लेन मोडवरही ती उतरली असती. ५००० एमएएचचे २० टक्के म्हणजे १००० एमएएच. आठ तासांत ते गेले, म्हणजे स्क्रीन बंद असताना फोन सलग १२५ मिलिअँपिअरच्या आसपास ओढत होता. झोपलेल्या फोनला एवढे लागत नाही. हा फोन रात्रभर जागा होता आणि त्याला जागे ठेवणारी गोष्ट दुसऱ्या सिममध्ये होती.

रेंज आणि बॅटरीचा संबंध

डायल पॅडवर *#*#४६३६#*#* टाकले की बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये चाचणीचा पडदा उघडतो आणि सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो; शून्यापासून जितका लांब, तितकी रेंज कमजोर. ४जीला उणे ९० च्या आत असेल तर चांगले, उणे ११० च्या पलीकडे गेले की वाईट. ताईंच्या मुलाला मी घरातून आणि अंगणातून दोन्ही सिमचे आकडे लिहून आणायला सांगितले. पहिले सिम अंगणात उणे ९७ होते. दुसरे सिम उणे ११७ च्या आसपास दिसायचे, नाहीसे व्हायचे, पुन्हा दिसायचे. २० डीबीचा फरक म्हणजे शंभर पटींचा फरक. स्क्रीनवर तो दोन दांड्या आणि एक दांडी एवढाच दिसतो, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही.

टॉवर जवळ असेल तर फोन अगदी क्षीण लहरीतही बोलू शकतो. लांब असेल तर टॉवरच त्याला सांगतो की आवाज वाढव. खोऱ्याच्या पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर छाती फुटेस्तोवर ओरडावे लागते, तसे. ४जी फोनची कमाल प्रक्षेपण शक्ती २३ डीबीएम, म्हणजे सुमारे २०० मिलिवॅट असते, आणि तेवढी शक्ती अँटेनातून बाहेर काढायला बॅटरीतून त्याच्या काही पट वीज जाते. रेंज पूर्ण गेली की फोन गप्प बसत नाही. एकामागून एक फ्रिक्वेन्सी चाळत टॉवर शोधत राहतो. ताईंच्या घरात रेंज पूर्ण जातही नव्हती आणि पूर्ण येतही नव्हती. फोन जोडायचा, सुटायचा, शोधायचा, पुन्हा जोडायचा. बॅटरीच्या दृष्टीने रेंज अजिबात नसण्यापेक्षाही हा प्रकार वाईट.

यात ५जीची भर होती. जलाशयाच्या पलीकडच्या काठावर ५जी आलेले आहे. पाण्यावरून त्याचा क्षीण सिग्नल ताईंच्या अंगणापर्यंत पोहोचत होता, आणि पहिले सिम दिवसभर ५जी आणि ४जी यांच्यात ये-जा करत होते.

आणखी एक गोष्ट. नवा फोन पहिले काही दिवस आतल्या आत बरेच काम करत असतो: ॲपची अद्ययावतने, जुन्या फोटोंची वर्गवारी, व्हॉट्सॲपची साठलेली चित्रे उतरवणे. शहरात घरच्या वाय-फायवर हे एका रात्रीत उरकते. ताईंच्या घरी वाय-फाय नाही. तेच काम दीड जीबीच्या डेटावर, उणे ९७ च्या रेंजवर, रोज थोडे थोडे चालले होते आणि संपतच नव्हते. "नवा फोन आठवडाभर बघा, मग बॅटरी सुधारते" हा सल्ला म्हणूनच गावात खरा ठरत नाही.

पर्याय आणि त्यांचे वजन

कारण कळल्यावरही उपाय एकच नव्हता. ताई, त्यांचा मुलगा आणि मी, दुकानातच बसून एकेक बघितला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन देणे हा ताईंचा मूळ विचार. सर्व्हिस सेंटर पुण्यात, फोन काही दिवस अडकणार, आतली माहिती पुसली जाण्याची शक्यता. एअरप्लेन मोडच्या रात्रीने बॅटरी धडधाकट असल्याचे दाखवले होते, तेव्हा हा मार्ग सोडला.

पॉवर बँक घ्यावी असे मुलाचे मत होते. मी विरोध केला नाही, पण आकडा नीट सांगितला. १०००० एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनला प्रत्यक्षात साधारण ६००० ते ६५०० एमएएच मिळतात, कारण आतल्या सेलचे ३.७ व्होल्ट ५ व्होल्टला चढवताना आणि पुन्हा उतरवताना गळती होते. शिवाय उन्हात पिशवीत चालता चालता चार्जिंग म्हणजे फोन तापणे, आणि उष्णता हा लिथियम-आयन बॅटरीचा मोठा शत्रू. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाते तेव्हासाठी ती हाताशी असावी, रोजचा आधार नसावा, असे ठरले.

बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवणे मी आधीच बाजूला ठेवले होते. त्यात पुन्हा मागच्या मागे नोंदी जाणे थांबले असते.

सगळ्यात जास्त बचत करणारा आणि फुकटचा उपाय होता रात्री एअरप्लेन मोड. रोजचे १८ टक्के वाचले असते. इथे ताईंनी एका वाक्यात विषय संपवला: "दादा, बाळंतीण काय घड्याळ बघून कळा देते का?" या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी याला मानतो, आणि तो ताईंचा आहे. कागदावर जो उपाय पहिल्या क्रमांकाचा, तो त्यांच्या कामात बसणाराच नव्हता. त्यानंतर आम्ही प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारला: रात्री दोनला ताईंचा फोन वाजेल का?

उरले दुसरे सिम. ते काढून टाकता येत नव्हते, कारण बँक, आधार आणि सरकारी नोंदणी त्या नंबरवर. साध्या बटणाच्या फोनमध्ये घालून घरी ठेवावे हा विचार झाला, पण रेंज तिथेही तीच, आणि ओटीपी हवा असेल तेव्हा तो फोन घेऊन टेपावर चढणे आलेच. तिसरा मार्ग म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणे, पोर्ट करणे. देशभर ही सोय २०११ पासून आहे. ताईंना ती माहीत होती, पण नंबर पोर्ट केला तर बँकेतले आणि आधारचे जोडकाम तुटेल अशी भीती होती. नंबर बदलत नसल्याने तसे काही होत नाही.

पोर्ट करण्यालाही एक बाजू होती, जी मी मुद्दाम पुढे मांडली. दोन्ही सिम एकाच कंपनीची झाली की दोन्ही एकाच टॉवरवर अवलंबून. तो टॉवर बंद पडला तर ताई पूर्ण बिनरेंजच्या. यावर ताईंचे उत्तर व्यवहाराचे होते. दुसऱ्या सिमला आजही गावात रेंज नाही, तेव्हा आधार म्हणून ते कधी उपयोगी पडलेच नव्हते. आम्ही पोर्ट करायचे ठरवले.

प्रत्यक्ष काय केले

पोर्टसाठी त्या नंबरवरूनच १९०० ला मेसेज करावा लागतो. गावातून तो गेला नसता, म्हणून बाजाराच्या दिवशी ताई तालुक्याला आल्या तेव्हा दुकानातूनच केला. आलेला आठ अक्षरी कोड चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या केंद्रात आधार दाखवून सिम घेतले. नंबर आणि नवे सिम दोन्ही महाराष्ट्र-गोवा सर्कलमधलेच असल्याने काम कामकाजाच्या तीन दिवसांत झाले. मधल्या काळात दुसरे सिम सेटिंगमधून बंद ठेवले होते आणि ओटीपी लागला तरच टेपावर जाऊन चालू केले.

त्याच बाजाराच्या दिवशी फोन दोन तास दुकानाच्या वाय-फायवर, चार्जिंगला लावून ठेवला. साठलेली अद्ययावतने आणि व्हॉट्सॲपची उरलेली चित्रे एकदाची उतरली. फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर होईल असे केले. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद केले. ताईंचे गट बरेच आहेत आणि रोज सकाळी शुभेच्छांचे चित्र प्रत्येक गटात येते. त्यातले एकही न उतरले तरी कामाचे काही बिघडत नाही.

पहिल्या सिमला नेटवर्कची पसंती ५जी वरून ४जी वर आणली. ताईंच्या प्लॅनमध्ये अमर्याद ५जी नव्हतेच, त्यामुळे गमावण्यासारखे काही नव्हते.

स्क्रीनकडे सर्वांत शेवटी वळलो. ताई माहिती भरतात ती लोकांच्या अंगणात, उन्हात, त्यामुळे ब्राइटनेस पूर्ण वर असतो, आणि अर्ज भरताना स्क्रीन विझू नये म्हणून मुलाने ती दहा मिनिटांवर ठेवली होती. फोन पिशवीत गेल्यावरही स्क्रीन दहा मिनिटे जळत राहायची. ती एका मिनिटावर आणली, १२० हर्ट्झचे ६० केले, ब्राइटनेस स्वयंचलितच ठेवला. जमेल तिथे पडवीत बसून माहिती भरायची, असे ताईंनी स्वतःच ठरवले.

ॲपनिहाय बॅटरीच्या सेटिंगमध्ये फोन, मेसेज, व्हॉट्सॲप आणि माहिती भरण्याचे ॲप यांना कुठलेही बंधन ठेवले नाही. बाकीच्यांचे अँड्रॉइडवर सोडले. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून फोन स्वतःच पाहतो की कोणते ॲप रोज वापरले जाते आणि कोणते पडून असते, आणि त्याप्रमाणे त्यांची ये-जा आवळतो. त्याला शिकायला थोडे दिवस लागतात. मुलाने रोज सगळे बदलत राहिल्याने त्याला शिकायला मिळालेच नव्हते.

८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय या फोनमध्ये आहे. बॅटरीचे आयुष्य वाढते, हे खरे. तरी ती बंदच ठेवायला सांगितली. ज्याचे दिवसभराचे काम फोनवर आणि वीज बेभरवशाची, त्याने रोजचे २० टक्के आज सोडून द्यावेत हे मला पटत नाही. त्याऐवजी दुपारी उपकेंद्रात जेवायला बसताना वीस मिनिटे चार्जर लावायचा. रिकाम्यापासून मध्यापर्यंत बॅटरी झपाट्याने भरते आणि वर जाताना वेग कमी होतो, म्हणून ४० टक्क्यांवर असताना लावलेली वीस मिनिटे ८५ वर असताना लावलेल्या तासापेक्षा कामाची.

मधेच आलेली अडचण

पोर्ट झाल्यावर पहिले तीन-चार दिवस उत्तम गेले. मग एका दिवशी ताईंचा फोन आला की दुपारी चारलाच २० टक्के. फोन घेऊन या म्हटले आणि बॅटरीचा पडदा उघडला. माहिती भरण्याच्या ॲपचा वाटा सगळ्यात वर होता, ४५ टक्के.

हा पडदा वाचताना बहुतेकांची गल्लत होते. ४५ टक्के म्हणजे पूर्ण बॅटरीचे ४५ नव्हेत. जेवढी बॅटरी खर्च झाली, तिच्यातला हा वाटा. मुलगा ते पाहून ॲपचा बॅकग्राउंड पुन्हा बंद करायला निघाला होता. पण ताईंना विचारल्यावर कळले की त्या दिवशी वाड्यांमध्ये सर्वेक्षण होते, सकाळपासून अर्ज, फोटो आणि जागेची नोंद सलग चालू होती, आणि सर्वांत वरच्या वाडीत पहिल्या सिमची रेंजही उणे ११० च्या खाली जाते. म्हणजे बॅटरी खर्च झाली ती कामावर. त्या दिवसापुरता उपाय कामाच्या पद्धतीत होता: वरच्या वाडीत असताना मोबाइल डेटा बंद ठेवून अर्ज फोनमध्येच साठवायचे, कॉल येण्यापुरते सिम चालू ठेवायचे, आणि खाली आल्यावर डेटा चालू करून सगळे एकदम पाठवायचे. ॲप तसे साठवून घेते, हे आधीच्या बिघाडामुळेच आम्हाला माहीत झाले होते.

परिणाम

आता साध्या दिवशी संध्याकाळी सहाला फोन ४० टक्क्यांच्या आसपास असतो, सर्वेक्षणाच्या दिवशी २५ च्या. दुपारचे वीस मिनिटांचे चार्जिंग मिळाले तर त्याहून जास्त. रात्रीची उतरण दोन्ही सिम चालू असताना ६ ते ७ टक्के. म्हणजे रात्री दोनला फोन वाजतो, आणि सकाळी सहाला कामालाही लागतो.

ओटीपी घरात बसून येतो. हा फायदा आम्ही मागितलाही नव्हता, आणि ताई त्याचेच नाव जास्त घेतात.

गटप्रवर्तक मॅडमनी मासिक बैठकीत हा विषय काढला आणि आणखी काही आशाताई फोन घेऊन दुकानात आल्या. सगळ्यांचे कारण एकच निघाले नाही. एकीच्या फोनवर घरातली लहान मुले दिवसभर व्हिडिओ पाहत होती; तिथे रेंजचा काही संबंध नव्हता. एकीची बॅटरी खरोखर खराब होती, कारण एअरप्लेन मोडवरही रात्रीत ३० टक्के उतरली. तिला मी लगेच सर्व्हिस सेंटरला पाठवले. आणि धरणाच्या त्याच काठावरच्या दोघींचे दुखणे हुबेहूब ताईंसारखे, दुसऱ्या सिमचे.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी फोन विकतानाच होती. दुकानात गिऱ्हाइकाला एमएएच सांगितले जाते. कुठे राहता, दोन्ही सिम कोणत्या कंपनीची, हे कुणी विचारत नाही. ५००० ऐवजी ६००० एमएएचचा फोन घेतला असता तर रात्रीचे तेच १००० एमएएच गेलेच असते. टक्के मात्र २० ऐवजी सतरा दिसले असते. त्यापेक्षा फोन कोणते बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, पकडतो हे बघणे डोंगरात जास्त मोलाचे. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या फ्रिक्वेन्सी लांब पोहोचतात, डोंगराआड आणि भिंतीआड तग धरतात. हा तपशील खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेला असतो. मी आता पश्चिमेकडच्या गावांतून येणाऱ्यांना आधी सिम विचारतो.

दुसरी संधी मुलाच्या हातात होती. त्याची तळमळ खरी होती, पण त्याने चार उपाय एकाच संध्याकाळी केले. एक उपाय, एक रात्र, एक आकडा असे केले असते तर डार्क मोडने काही होत नाही हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळले असते आणि नोंदी अडकल्या नसत्या. एअरप्लेन मोडची रात्र ही चाचणी कुणालाही घरी करता येते, तिला ना ॲप लागते ना दुकान.

पोर्टचा निर्णय पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तोच घेईन, पण त्याच्यासोबत एक गोष्ट आधीच करून ठेवीन. दोन्ही सिम एका टॉवरवर आल्याची किंमत पहिल्या मोठ्या पावसात दिसली. गावची वीज गेली, काही तासांनी टॉवरचीही बॅटरी संपली, आणि फोन पुन्हा रात्रभर टॉवर शोधत बसला. ताईंच्या घरापासून दोन घरे सोडून ग्रामपंचायतीचे कार्यालय आहे. तिथे फायबरचे कनेक्शन आणि इन्व्हर्टर दोन्ही आहे. वाय-फायवरून कॉल घेण्याची सोय या फोनमध्ये आणि पहिल्या सिमच्या कंपनीत दोन्हीकडे आहे, आणि चाचणी केली तेव्हा ताईंच्या पडवीत तो वाय-फाय पकडतो हेही दिसले. कार्यालय बंद झाल्यावर राउटर मात्र बंद होतो. पावसाळ्याचे चार महिने तो रात्री चालू ठेवावा आणि आशाताईंना त्याचा पासवर्ड द्यावा, असा अर्ज ताईंनी ग्रामसेवकांकडे दिला आहे. तो पुढच्या मासिक सभेत येणार आहे.